पाकिटात काय आहे ते पाकिटावर छापा

भोपाळच्या न्यू मार्केटमध्ये पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला तरी त्यावर वाचायला बरेच काही असते. किंमत, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना, कंपनीचा पत्ता, तक्रारीचा फोन. कंपनीला ग्राहकाशी गप्पा मारायची हौस असते म्हणून ही माहिती छापलेली नसते. २००९चा वैधमापन कायदा आणि २०११चे पाकीटबंद वस्तूंचे नियम तसे सांगतात म्हणून छापलेली असते. आत माल किती हे न सांगता बंद पाकीट विकायला या देशात परवानगी नाही.

त्याच दुकानाच्या पायरीवर बसलेला पोरगा मोबाइलवर वेगळेच पाकीट फोडत असतो. आत पाच कार्डे आहेत. कुठली पाच, ते पाकिटावर लिहिलेले नाही. किंमत लिहिलेली आहे, पण ती हिऱ्यांत. हिरे रुपयांनी मिळतात, मात्र पाकिटाला जेवढे लागतात नेमके तेवढे कधीच मिळत नाहीत. दीडशेचे पाकीट घ्यायचे तर हिऱ्यांची थैली शंभरची किंवा पाचशेची. तीन पाकिटे घेऊन पन्नास हिरे उरतात, त्या पन्नासात काहीच येत नाही, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढची थैली घेतली जाते. ‘सुट्टे नाहीत’ म्हणत वाणी हातावर गोळी ठेवतो, तसाच हा प्रकार. वाण्याची गोळी निदान खाता तरी येते.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून पैसे जिंकायचे सगळे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद झाले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्स आणि ‘सोशल गेम’ यांना मात्र पायघड्या. तेव्हापासून राक्षस, जादूगार आणि ड्रॅगनच्या कार्डांनी लढायचे खेळ बनवणाऱ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो: आमच्या खेळात जिंकल्यावर पैसे मिळत नाहीत, म्हणून हा जुगार नाही, आणि जुगार नाही म्हणून सरकारने यात लक्ष घालायचे कारण नाही.

या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग बहुतांशी मान्य करायला हरकत नाही. दुसरा अर्धा मान्य करण्यासारखा मुळीच नाही. बिस्किट हाही जुगार नाही, तरी पुड्यावर वजन छापावेच लागते. कार्डांचे पाकीट जुगारात बसत नसेल तर ते सरळ विक्रीत बसते, आणि विक्रीचे नियम या नव्या कायद्याहून जुने आहेत. शिवाय नव्या कायद्यातल्या सोशल गेमच्या व्याख्येत पैसे घेण्याचे जे मार्ग नावाने सांगितले आहेत ते दोनच: वर्गणी आणि एकदाच भरायची प्रवेश-फी. पाकीट ना वर्गणीत बसते ना प्रवेश-फीत. व्याख्येचा हवा तेवढाच तुकडा घ्यायचा आणि उरलेल्यावर बोट ठेवून वाचायचे, ही वकिली हुशारी झाली.

भोपाळसाठी हा वाद दूरचा नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये इथल्या मानव संग्रहालयाच्या आवारात जागतिक गुंतवणूकदार परिषद झाली. त्याच सुमारास मध्य प्रदेशने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण आणले. अचारपुऱ्यात राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. आणि चित्रांचे म्हणाल तर या गावाएवढे भांडवल क्वचितच कुठे असेल. १९८२मध्ये भारत भवन उघडले तेव्हा जगदीश स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांना इथे आणले, आणि गोंड चित्रकलेची एक अख्खी पिढी भोपाळात उभी राहिली. भज्जू श्याम यांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. शिंगांतून झाड फुटलेले हरीण, पोटात गाव घेऊन पोहणारा मासा: लढाईच्या कार्डावर शोभेल असे चित्र शोधायला भोपाळच्या माणसाला जपानी ड्रॅगनच्या दारात जायची गरज नाही. इथे एक दिवस चांगला कार्ड-गेम होईल यात शंका नाही. तो कुठल्या गल्ल्याला जोडला जाईल, एवढाच प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून समजा, भोपाळच्या कोणा तरुण मंडळींनी सिंहासन बत्तिशीवर खेळ केला. विषय इथलाच. मोठा तलाव ज्याच्या नावाने ओळखला जातो तो राजा भोज, विक्रमादित्याचे सिंहासन, आणि भोज पायरी चढू लागला की गोष्ट सांगून त्याला अडवणाऱ्या बत्तीस पुतळ्या. बत्तीस पुतळ्यांची बत्तीस कार्डे. प्रत्येक पाकिटात एक पुतळी, सगळ्या निघण्याची शक्यता सारखी, पाकीट पन्नास रुपयांचे. वरकरणी हिशेब सोपा वाटतो: बत्तीस गुणिले पन्नास, सोळाशे रुपये.

हा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या सोळा पुतळ्या सरासरी बावीस पाकिटांत येतात. खेळणारा खूश असतो, अर्धा संच अकराशेत झाला. मग तीच ती कार्डे पुन्हा निघू लागतात. उरलेल्या सोळा पुतळ्यांना सरासरी एकशेआठ पाकिटे लागतात. एकूण एकशेतीस, म्हणजे साडेसहा हजार रुपये. शेवटची एकटी पुतळी सरासरी बत्तीस पाकिटे खाते; तिची किंमत सोळाशे, वरकरणी अख्ख्या संचाची वाटत होती तेवढी. हे गणित शाळेतल्या संभाव्यतेचे आहे, कोणीही कागदावर करून पाहावे. आणि इथे सगळ्या पुतळ्या सारख्या धरल्या आहेत. खऱ्या खेळात तशा नसतात. तिथे काही ‘साध्या’, काही ‘दुर्मीळ’ आणि एखादी ‘दंतकथेतली’ असते.

भोजाला पुतळ्या अडवत होत्या त्या राजाला शहाणपण यावे म्हणून. इथल्या पुतळ्या रिचार्जसाठी अडवतात.

“पण शक्यता आम्ही छापतोच की!” हे उत्तर ठरलेले असते. छापतात, खरे आहे. ॲपलने डिसेंबर २०१७पासून आणि गुगलने २०१९मध्ये आपापल्या दुकानांत तसा नियम केला. पण छापतात कुठे? दुकानाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक चिन्ह असते, त्यामागे दुसरा पडदा, त्यावर टक्क्यांचा तक्ता. आणि टक्का ही गोष्ट मुळात फसवी. ‘एक टक्का’ वाचून बहुतेकांना वाटते, शंभर पाकिटे घेतली की एक नक्की. प्रत्यक्षात शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पाकिटे घेतली, तर त्यातले सदतीस जण रिकाम्या हाताने घरी जातात. तक्त्यात हे लिहिलेले नसते. वाण्याने साखरेच्या गोणीवर वजनाऐवजी स्फटिकांची घनता छापली तर ती माहिती खोटी ठरणार नाही, गिऱ्हाइकाला तिचा उपयोग मात्र शून्य.

नुसत्या टक्केवारीच्या सक्तीतून कंपन्या कशा निसटतात याचा नमुना चीनने दाखवला. तिथे १ मे २०१७पासून शक्यता जाहीर करणे सक्तीचे झाले. ‘हार्थस्टोन’ हा ब्लिझर्ड कंपनीचा २०१४मधला गाजलेला कार्ड-गेम. चीनमध्ये त्याने पाकिटे विकणेच थांबवले आणि खेळातली ‘धूळ’ विकायला काढली. धुळीबरोबर पाकीट भेट! आम्ही मिठाई विकत नाही, रिकामा खोका विकतो, पेढे आमच्याकडून सप्रेम, असे एखाद्या हलवायाने म्हणावे तसे.

ही धूळ जवळून पाहण्यासारखी आहे, कारण या धंद्याची खरी कारागिरी तिच्यात आहे. नको असलेले कार्ड मोडले की धूळ मिळते, धूळ साठवून हवे ते कार्ड घडवता येते. ऐकायला न्याय्य वाटते. पण दर पाहा. साधे कार्ड घडवायला चाळीस धूळ, मोडल्यावर पाच. दुर्मीळ घडवायला शंभर, मोडल्यावर वीस. सर्वांत वरचे ‘लेजेंडरी’ घडवायला सोळाशे, मोडल्यावर चारशे. म्हणजे एक लेजेंडरी हवे तर चार लेजेंडरी मोडा, नाहीतर तीनशेवीस साधी कार्डे मोडा. सोनाराकडे घेताना एक भाव आणि मोडीला दुसरा, हे मराठी घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पण चार तोळे मोडून एक तोळा हातावर ठेवणाऱ्या सोनाराच्या दुकानाची पायरी तिने पुन्हा चढली नसती. इथे ते चालून जाते, कारण धुळीला रुपयांचा भाव कोणी चिकटवलेला नाही.

आणि पाकीट फोडण्याचा तो क्षण. पाकीट बोटाने ओढून चौथऱ्यावर ठेवायचे, ते थरथरते, फुटते, पाच कार्डे पालथी पडतात. अजून काही उलटलेले नाही. बोट जवळ नेले की एखाद्याच्या कडेने रंगीत प्रकाश सांडतो: निळा, जांभळा, क्वचित नारिंगी. नारिंगी दिसला की कार्ड उलटण्याआधीच काळजात धस्स होते, आणि उलटले की घोषणा होते. हे सगळे सेकंदात उरकता आले असते. ते मुद्दाम लांबवलेले आहे, कारण विकायचा आहे तो उलटण्याआधीचा क्षण. कार्ड निघाल्यावर त्याचा आनंद दहा मिनिटे टिकतो, आणि मग पुढचे पाकीट. डिझाइन म्हणून हे उत्तम काम आहे हे मान्य करावे लागेल. उत्तम कामाचे बिल कोणाच्या नावे फाडले जाते, हा वेगळा प्रश्न.

“आमच्या लहानपणी चिप्सच्या पाकिटातले तझो नव्हते का? ट्रम्प कार्डे नव्हती का?” हा आठवणींचा बाण फार प्रभावी असतो, कारण तो नेमका चाळिशीतल्या बापाला लागतो. ट्रम्प कार्डे होती, पण संच दुकानात अख्खा मिळायचा; किंमत ठरलेली, पत्ते मोजलेले. तझो नशिबाने यायचे, मात्र दोन सारखे आले तर मधल्या सुट्टीत अदलाबदल व्हायची, आणि त्या बाजाराचा भाव पोरे ठरवायची, कंपनी नाही. पाकिटे संपली की दुकानदार “उद्या ये” म्हणायचा. रोज पाच पाकिटे घेणाऱ्या पोराच्या बापाला तोच वाणी रस्त्यात गाठून सांगायचा. मोबाइलमधल्या दुकानाला ना शटर आहे ना शेजारधर्म. बहुतेक खेळांत कार्ड मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. खेळ बंद झाला तर सगळी कपाटे रिकामी. ‘ड्युएलिस्ट’ हा चांगला नावाजलेला खेळ फेब्रुवारी २०२०मध्ये बंद पडला आणि लोकांनी विकत घेतलेले संग्रह त्याच्याबरोबर गेले. त्याची सगळी सामग्री पुढे २०२३मध्ये सर्वांसाठी खुली झाली, हा बनवणाऱ्यांचा मोठेपणा. तो नियम नव्हे.

लहानपणाहून मागे जायचे तर सावंतवाडीला जावे. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे अगदी शब्दशः कल्पनारम्य कार्डांचा संच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण एकशेवीस गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दिवसा खेळ सुरू करायचा मान रामाचा, रात्री कृष्णाचा. डिझाइनची याहून गोड खुबी कोणाला सुचणार? शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी मरू घातलेली ही कला पुन्हा उभी केली. पण तिथल्या चिताऱ्याच्या डोक्यात कधी आले नाही की नऊ अवतार विकावेत आणि कल्की मात्र हजारांत एका डबीत टाकावा. संच म्हणजे संच. महाग असेल, तर महाग आहे हे डबी हातात घेण्याआधी कळते.

जपानला हा धडा शिकायला एक छोटा भूकंप लागला. २०१० ते २०१२ या काळात तिथल्या फोनवर कार्डांच्या लढायांचे पीक आले होते. ‘रेज ऑफ बहामुट’सारखे खेळ, आणि त्यांच्या जोडीला ‘कंपू गाचा’ नावाची युक्ती: सोडतीतून ठरावीक कार्डांचा पूर्ण संच जमवला तरच मोठे कार्ड मिळणार. बत्तीस पुतळ्यांचे वरचे गणित हे त्या युक्तीचेच गणित आहे. मे २०१२मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार खात्याने ही पद्धत बेकायदा ठरवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यासाठी त्यांनी जुगाराचा कायदा काढला नाही. वेगवेगळी चित्रे जुळवली तर बक्षीस, या प्रकाराला मनाई करणारा ग्राहक-कायद्यातला जुनाच नियम काढला. बातमी फुटताच ग्री आणि डीएनए या दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात वीस टक्क्यांच्या आसपास कोसळले. धंदा बुडाला, अशी रडारड झाली. धंदा बुडाला नाही. तीच डीएनए ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पोकेमॉनच्या मोबाइल कार्ड-गेमची सहनिर्माती आहे.

आता धंद्याच्या बाजूने येणारा खरा जोरदार मुद्दा. पाकिटे नसतील तर खेळ जगणार कसा? सर्व्हरचे भाडे दर महिन्याला भरावे लागते, चित्रकाराला पैसे द्यावे लागतात, आणि भारतातला खेळाडू प्रवेशालाच तीनशे रुपये मागितले तर पाठ फिरवतो. या मुद्द्याला पुरावेही दिले जातात. रायट कंपनीच्या ‘लेजंड्स ऑफ रुनटेरा’ने २०२०मध्ये पाकिटे न विकता उदार मनाने कार्डे वाटली, जानेवारी २०२४मध्ये कंपनीने पाचशेतीस माणसे कमी केली आणि त्या खेळाचा चमू छाटला. व्हॉल्व्हचा ‘आर्टिफॅक्ट’ नोव्हेंबर २०१८मध्ये आला, प्रत्येक कार्डाचा भाव उघड्या बाजारात दिसत होता. काही महिन्यांत ओस पडला, २०२१मध्ये काम थांबले. पाहा, प्रामाणिकपणाला गिऱ्हाईक नाही!

रुनटेराचा दाखला काही अंशी खरा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. फुकट वाटून पगार भागत नाहीत. पण पाकीट न विकणे आणि काहीच धड न विकणे यांत फरक आहे. आर्टिफॅक्टचा दाखला तर उलटाच पडतो. त्या खेळाने दारात वीस डॉलर घेतले, आत पाकिटे विकली, आणि खेळाडूंनी आपसांत कार्ड विकले तर त्यावर दलाली कापली. एका खेळाला तीन गल्ले. लोक चिडले ते भाव दिसला म्हणून, हे खरे. भाव दिसल्यावर तो किती आहे ते कळले म्हणून. इतर खेळांत तो दिसतच नाही, एवढाच त्यांचा नफा. त्यातली गंमत अशी की आर्टिफॅक्टचा रचनाकार रिचर्ड गारफिल्ड. १९९३मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ करून बंद पाकिटाच्या या सगळ्या घराण्याचा तो मूळपुरुष झाला, आणि २०१६मध्ये त्यानेच जाहीरनामा लिहून व्यसनावर कमावणाऱ्या खेळांना झोडपले.

याच गारफिल्डचा ‘नेटरनर’ २०१२मध्ये नव्या रूपात आला तेव्हा फॅन्टसी फ्लाइट कंपनीने तो ठरीव पाकिटांत विकला. कुठल्या पाकिटात कुठली कार्डे, ते आधी जाहीर. सहा वर्षे तो खेळ चालला, आणि कंपनीने सोडल्यावर खेळाडूंच्याच ना-नफा संस्थेने तो हातात घेतला. ‘स्ले द स्पायर’ २०१९मध्ये पूर्ण झाला: एकदा पैसे द्या, सगळी कार्डे तुमची. त्याने एकट्याने खेळायच्या कार्ड-गेमची अख्खी शाखाच लोकप्रिय केली. ‘बलाट्रो’ फेब्रुवारी २०२४मध्ये आला. एका माणसाने बनवलेला, एकदाच विकलेला, आणि जानेवारी २०२५पर्यंत पन्नास लाख प्रती खपलेला. वर मानांकनाचा विनोद पाहा. त्यात पोकरचे पत्ते दिसतात म्हणून युरोपच्या मानांकन संस्थेने त्याला अठरा वर्षांवरचा शिक्का मारला, आणि खऱ्या पैशांनी खेळाडूंची पाकिटे विकणारा फुटबॉलचा खेळ तीन वर्षांच्या पोराला चालतो म्हणून सांगितले. अपिलानंतर फेब्रुवारी २०२५मध्ये अठराचे बारा झाले. चित्र पाहून शिक्का मारायचा आणि गल्ला पाहायचा नाही, ही चूक काही फक्त आपल्याकडेच होत नाही.

आपल्याकडे ती जास्त दुःखद प्रसंगी झाली. जुलै २०२१मध्ये छतरपुरात तेरा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर घरातले चाळीस हजार रुपये ‘फ्री फायर’ या मोबाइल खेळात गेल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०२२मध्ये भोपाळात अकरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर पुन्हा ‘फ्री फायर’चे नाव निघाले, आणि तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी राज्यात कायदा आणण्याची घोषणा केली. इतक्या लहान मुलाच्या मृत्यूचे कारण एका खेळात शोधणे सोपे असते आणि बहुतेक वेळा अपुरे. पण घरचे हजारो रुपये एका लहान मुलाच्या बोटाने जाऊ शकतात, ही गोष्ट त्यातून वगळता येत नाही. महिन्याभरात, १४ फेब्रुवारी २०२२ला, केंद्राने फ्री फायर बंद केले. कारण मुले नव्हती, माहितीची सुरक्षा होती. त्याच खेळाची ‘मॅक्स’ आवृत्ती मात्र दुकानात राहिली. तेच हिरे, तेच दुकान, नावापुढे एक शब्द जास्त. बंदीची मागणी करणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये: नावावर बंदी घातली की नाव बदलते.

राहिले आईबाप. “पालकांनी लक्ष द्यावे” हे वाक्य तोंडावर फेकणे सोपे आहे. पालकांनी लक्ष द्यावेच. एक नोव्हेंबर १९५६ला भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून बदलून आलेल्या मराठी कारकुनांच्या घरी महिन्याचा जमाखर्च वहीत असायचा. त्यांच्या नातवंडांच्या घरी तो यूपीआयच्या संदेशांत असतो आणि पिन सर्वांना पाठ असतो. ही घरची ढिलाई आहे, कबूल. पण समोरच्या बाजूचे काय? अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. म्हणजे बारा वर्षांच्या गिऱ्हाइकाशी केलेल्या सौद्याला कायद्यात पाय नाहीत हे विक्रेत्याला एकशेवीस वर्षांपासून ठाऊक आहे. आईबापांनी वय तपासावे आणि दुकानदाराने डोळे मिटावेत, ही वाटणी कोणी केली?

अमेरिकेने ती मान्य केली नाही. जानेवारी २०२५मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीकडून दोन कोटी डॉलर घेतले. पैशांपेक्षा अटी महत्त्वाच्या होत्या. सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय सोडतीची पाकिटे विकायची नाहीत. खेळातल्या चलनाचा खऱ्या पैशांशी असलेला दर सांगायचा. आणि आभासी चलनाने पाकीट विकायचे असेल तर तेच पाकीट सरळ खऱ्या पैशांत घ्यायची सोय ठेवायची. कंपनी बंद पडली नाही, खेळ आजही चालू आहे.

भारतात यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेरा प्रकार नावानिशी सांगितले आहेत, आणि त्यातला पहिलाच आहे खोटी घाई. ‘ही थैली फक्त आणखी २३ तास’ म्हणणारे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २३ तासांवर येणारे घड्याळ जर खोटी घाई नसेल, तर मग खोटी घाई म्हणजे काय? नियम आहे. तो बिस्किटे आणि विमान तिकिटे विकणाऱ्यांना लागू होतो, ड्रॅगन विकणाऱ्याला का होऊ नये, याचे उत्तर कार्ड-गेमच्या कैवाऱ्यांनी द्यायचे आहे.

मध्य प्रदेश सरकारच्या हातात तर याहून सोपी किल्ली आहे. आपल्या गेमिंग धोरणाखाली जो स्टुडिओ सवलत किंवा अनुदान मागेल, त्याला अट घालावी. किमती रुपयांत. पाकिटावरच, त्याच पडद्यावर, पूर्ण संच जमवायला सरासरी किती रुपये लागतात तो आकडा. हवे ते कार्ड सोडतीशिवाय सरळ विकत घ्यायची सोय. अठराखालच्यांना सोडतीची पाकिटे विकायची नाहीत. खेळ बंद करायचा असेल तर काही महिने आधी सूचना. गोंड चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेले हरीण ‘एक टक्का’च्या पाकिटात टाकून हजार वेळा विकायचे आणि चित्रकाराला एकदाच मानधन द्यायचे, असा सौदा करणाऱ्याला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही जाऊ नये. ज्याला या अटी जाचक वाटतील त्याने आपल्या पैशांनी धंदा करावा.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरातल्या फोनवर कुठल्याही कार्ड-गेमचे दुकान उघडावे, एका पाकिटाची किंमत हिऱ्यांतून रुपयांत काढावी आणि ती मुलाच्या समोर कागदावर लिहावी. फसवले गेल्यासारखे वाटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार मराठीतही घेतात. पैसे कापल्याचा संदेश आणि त्या घड्याळाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा.